शिवलं की नाही

ज्ञानेश्वरी अहमदाबादला शिवणकामाला चालली, ही बातमी तिसगावात एका आठवडी बाजारात पक्की झाली. आणि पसरवली कुणी, तर तिच्या सख्ख्या बापाने, तीही मोठ्या अभिमानाने. आप्पासाहेब मिरची घ्यायला बाजारात गेले होते. ओळखीच्या एकाने विचारलं, "लेक काय करती आता?" आप्पासाहेब म्हणाले, "आमदाबादला चालली. लई मोट्या स्पर्धा हायेत तिथं. परदेशातनं मानसं येनार. कोन शिवलं, कोन न्हाई शिवलं, ते बघायचं काम हाय तिच्याकडं."

आता मराठीत शिवणं म्हणजे हात लावणं, आणि शिवणं म्हणजे सुईदोरासुद्धा. ऐकणाऱ्याने अहमदाबादचं नाव ऐकलं, तिथल्या कापडाच्या गिरण्या आठवल्या आणि सोयीचा अर्थ धरला. संध्याकाळपर्यंत दोन शेजारणी ब्लाउजपीस घेऊन दारात हजर. ज्ञानेश्वरीची आई मुक्ताबाई त्यांना समजावायला गेली, "अगं बायांनो, ती कापडं न्हाई शिवत. मानसं शिवत्यात, ते ती बघती." त्यावर एकीने तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "म्हंजी डाक्टरीन झाली व्हय?"

इकडे नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, वेगळीच तऱ्हा. सावेडीतल्या ओळखीपाळखीच्या निम्म्या लोकांनी अहमदाबादच्या ठिकाणी अहमदनगर ऐकलं आणि पोहण्याचा एवढा मोठा टँक आपल्या गावात कुठे बांधला म्हणून विचारायला लागले. या दोन नावांच्या घोळात नगरकरांचं आयुष्य गेलं आहे. नाव बदलल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं, पण कानांना कोण सांगणार?

खरी गोष्ट अशी होती, की अहमदाबादला सगळ्या आशिया खंडाच्या जलतरण स्पर्धा भरणार होत्या, आणि सावेडीतल्या एका टँकवर मुलांना पोहायला शिकवणारी आपली ज्ञानेश्वरी तिथे वळण निरीक्षक म्हणून जाणार होती. पोहणारे भिंतीला शिवून परत वळतात, त्या टोकाला प्रत्येकाच्या रांगेपाशी, म्हणजे लेनपाशी, एक माणूस बसतो. भिंतीला नीट हात लागला की नाही, एवढंच त्याने बघायचं. म्हणजे आप्पासाहेब एका अक्षरानेही चुकले नव्हते.

हे काम ती लहानपणापासून करत होती. आप्पासाहेबांच्या रानातली विहीर खोल. तालुक्यातल्या बाकीच्या विहिरी तळाला गेल्या, तरी हिच्यात एप्रिलपर्यंत पुरुषभर पाणी असायचं. आप्पासाहेबांनी लेकीच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून तिला पाण्यात सोडलं आणि पुढच्या उन्हाळ्यात डबा काढून घेतला. सुट्टीत वस्तीवरची सगळी पोरं तिथे पडलेली असत. पायरीवरून सुटायचं, समोरच्या भिंतीला शिवायचं आणि परत यायचं, ही शर्यत. पोरं लबाड. भिंत हातभर लांब असतानाच वळायची आणि शिवलं म्हणून गावभर ओरडायची. मग भांडण, मग शिव्या, मग एकमेकांना बुडवणं. शेवटी ज्ञानेश्वरीला काठावर बसवलं जाई. ती शिवलं म्हणाली तर शिवलं. आपल्याच चुलतभावाला तिने इतक्या वेळा बाद केलं, की तो तिच्याशी राखीपौर्णिमेपुरता बोलायचा.

अकरावीला ती नगरला आली. हॉस्टेलला जागा मिळाली नाही. तिच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे दत्तोपंत निसळ सर सावेडीत राहत. त्यांच्या बंगल्याच्या मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती. आप्पासाहेबांनी भाड्याचं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "आधी तिला इंग्रजीत पास होऊ द्या, मग बघू." ते "मग" अजून उजाडलेलं नाही.

पहिल्याच नवरात्रात मात्र ती खोली सुटायची वेळ आली होती. सरांच्या पत्नी शोभाबाई सोवळ्याने नैवेद्याचं ताट घेऊन देवघराकडे चालल्या होत्या. ज्ञानेश्वरी समोर आली, तशा त्या पटकन बाजूला सरल्या आणि म्हणाल्या, "शिवू नकोस गं." विहिरीवर ज्या शब्दाने माणूस जिंकायचा, तोच शब्द इथे असा पुढ्यात आल्यावर पोरगी चपापली. मुकाट खोलीत गेली आणि पिशवी भरायला लागली. आरती संपल्यावर शोभाबाई ताट वाढून तिच्या खोलीत आल्या, भरलेली पिशवी बघितली आणि सरळ तिच्या कॉटवर बसल्या. "वेडे, मी पोटच्या सुहासलाही शिवू देत नाही सोवळ्यात. देवाचं झालं. आता शीव हवं तितकं." असं म्हणून त्यांनी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. पिशवी रिकामी झाली ती झालीच. पुढे बी. ए. झालं, टँकवरची नोकरी लागली, तीही सरांनी चार जणांना भेटून लावलेली. लग्न झालं. नवरा राम स्वभावाने गरीब, त्याचं नळ फिटिंगचं काम. पण दर दसऱ्याला पहिलं सोनं द्यायला ती निसळांकडेच जाई, सासरी नंतर. सासूने एकदोनदा नाक मुरडून पाहिलं आणि सोडून दिलं.

सुहासची मुलगी ईरा पाच वर्षांची झाली, तेव्हा सर तिला स्कूटरवर पुढे उभी करून टँकवर घेऊन आले. "ज्ञाना, ही तुझ्या ताब्यात," एवढंच बोलले. ज्ञानेश्वरीने तिला पाण्याची भीती घालवण्यापासून सगळं शिकवलं. ज्या प्रकाराला तिसगावची पोरं बेडूक म्हणत आणि जगात ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात, त्यात ईरा अशी काही निघाली, की दोन-तीन वर्षांत ज्ञानेश्वरी म्हणाली, "सर, हिला पुण्याला न्या. माझ्याकडचं संपलं." नगरच्या माणसाला कौतुक करायचं झालं, की आधी टोमणा मारावा लागतो. सर म्हणाले, "म्हणजे विहीर आटली म्हण की." मग चष्मा काढून पुसत बसले.

ईरा पुण्याला गेली. इकडे ज्ञानेश्वरीने पंचांची परीक्षा दिली. जिल्ह्याच्या, मग राज्याच्या स्पर्धांत ती खुर्चीवर बसू लागली. यजमान देशाला स्पर्धांसाठी पंच बरेच लागतात, त्यात तिचं नाव आलं. आणि त्याच सुमारास ईराची भारताच्या संघात निवड झाली. सावेडीत पेढे वाटले गेले. दोघींचे एकदमच, एकाच डब्यातून, शोभाबाईंच्या हातचे.

स्पर्धा नवरात्रात होत्या. घरी घट बसलेले, त्यामुळे शोभाबाई कुठे हलणार नव्हत्या. सर मात्र ऐंशीच्या उंबरठ्यावर असूनही सुहासबरोबर अहमदाबादला गेले. ज्ञानेश्वरी आधीच पोचली होती. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट असा पंचांचा वेश. रामला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "नर्सबाई दिसतेस." तिसगावात तो फोटो पोचल्यावर डॉक्टरीणबाईंची बातमी पुन्हा ताजी झाली असणार, यात शंका नाही.

टँक बघून ती पहिल्या दिवशी नुसती उभीच राहिली. पाणी इतकं स्वच्छ, की तळावरची काळी रेघ थेट पायाखाली आल्यासारखी दिसत होती. जपानी, चिनी, कझाक मुली पाण्यात शिरत, तेव्हा आवाजसुद्धा होत नसे. तिला वाटलं, आप्पांना इथे एकदा आणून काठावर बसवावं आणि काही बोलू नये. खुर्चीवर बसली, की मात्र तिचं बाकीचं सगळं सुटायचं. भिंत, पाणी आणि दोन हात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागावे लागतात. एक आधी, एक मागून, असं झालं तर बाद. कोण पहिलं, कोण शेवटचं, याच्याशी खुर्चीचं देणंघेणं नाही.

ईराच्या शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीच्या सकाळी कुणाला कोणती रांग बघायची ते कळलं. ज्ञानेश्वरीच्या वाट्याला ईराचीच रांग आली. तिने मुख्य निरीक्षकांना गाठलं. त्या केरळच्या, पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. तिने सांगितलं, "ही मुलगी माझ्या गावची आहे. लहानपणी माझ्याकडे शिकली."

"आता शिकवतेस?"

"नाही."

"नातं आहे?"

कागदावर नातं नव्हतंच. "नाही," ती म्हणाली.

"मग हात बघ," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

नाही म्हणताना आपण काहीतरी चोरलं, असं तिला वाटत राहिलं. वर पाहिलं, तर सर तिच्याच टोकाला, बरोब्बर डोक्यावरच्या बाकड्यावर बसले होते. त्यांनी मुद्दाम ते टोक निवडलं होतं. नात सुटते तिथे नाही, तर वळते तिथे बसायचं. तिथे ज्ञानासुद्धा असणार, एकाच तिकिटात दोघी दिसतील, असा त्यांचा हिशेब. त्यांनी हात हलवला. पंचांनी प्रेक्षकांना हात हलवायचा नसतो, म्हणून तिने फक्त मान खाली घातली.

फेरी सुटली. ईरा छान आली. एवढी छान ती कधीच पोहली नव्हती. पहिल्या पन्नासात ती बरोबरीच्या मुलींना धरून होती आणि असंच राहिलं तर अंतिम फेरीत जाणार, हे कुणालाही दिसत होतं. आपल्या जिल्ह्यातलं कुणीच तिथवर कधी गेलेलं नव्हतं. ज्ञानेश्वरी खुर्चीवरून उठून काठावर वाकली. शेवटच्या झेपेला भिंत थोडी लांब राहिली. ईराने अंग ताणलं. उजवा हात भिंतीला लागला आणि डावा मागून आला. मागून म्हणजे पापणी लवायच्या आतला. पण मागून. मग ती वळली आणि पाण्याखाली निघून गेली.

चूक दिसली, की पंचाने तिथल्या तिथे हात वर करायचा असतो. ज्ञानेश्वरीचा हात कमरेपाशीच राहिला. तिच्या डोळ्यांपुढे काही यायला नको होतं, पण आलं. शोभाबाईंचं स्वयंपाकघर, घटापुढचा दिवा, स्कूटरवर पुढे उभी राहिलेली पाच वर्षांची पोर. शेजारच्या रांगेच्या पंचाने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याला काही दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं. तिने हात खाली ठेवला असता, तर या जगात कुणालाही कळलं नसतं, आणि ती मिठाला जागली असती.

मग तिने हात वर केला.

केरळच्या बाई आल्या. "काय पाहिलंस?" ज्ञानेश्वरीने पाठ केलेल्या इंग्रजीत सांगितलं, की उजवा हात आधी लागला, डावा नंतर. बाईंनी एकदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या सरपंचांकडे, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य पंचांकडे, निघून गेल्या. फलकावर ईराचं नाव वरच्या मुलींत झळकलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. थोड्या वेळाने ते नाव तळाला गेलं आणि पुढे बाद असं लागलं. टाळ्या थांबल्या, कुठेकुठे हळहळ उमटली. ज्ञानेश्वरीने वर पाहिलं नाही. पुढची फेरी सुटायची होती आणि तिला हात बघायचे होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बाहेरच्या बोळातून चालली होती. समोरून ईरा आली, खांद्यावर टॉवेल, केस ओले. ज्ञानेश्वरी थांबली. पोरगी भांडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, उजवा आधी लागला, ते मला पाण्यातच कळलं होतं. पण वळताना वर तुम्ही दिसलात. मला वाटलं, वाचले."

एवढं बोलून ती पुढे गेली. ज्ञानेश्वरीने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

तिने रात्री तिसगावला फोन केला. आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "शिवलं न्हाई तं न्हाई म्हनायचं. त्यात रडन्यासारखं काय हाय?" असं म्हणून त्यांनी फोन मुक्ताबाईंकडे दिला. आप्पांचं बरं होतं. त्यांनी निसळांच्या घरचं मीठ खाल्लेलं नव्हतं. मुक्ताबाई तेवढं म्हणाल्या, "शोभावैनींला त्वांड दाखवून ये. लांब नको राहू. लांब ऱ्हायलं की मनात वाडत जातं."

स्पर्धा संपल्या. ती नगरला पोचली त्याआधी बातमी पोचली होती. टँकवरच्या पालकांपैकी काहींनी मुद्दाम येऊन शाबासकी दिली, पण त्यातही एक टोचणी असायची. बाकीचे मागे बोलत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, असं कुणीतरी म्हणालं आणि ते कुणीतरी तिच्यापर्यंत आणून पोचवलं. असल्या निरोपांचा आपल्याकडे कधी पत्ता चुकत नाही. तिला त्या लोकांचं काही वाटलं नाही. तिला फक्त एवढीच धास्ती होती, की निसळांचं दार आपल्याला उघडेल ते कसं उघडेल. दार कुणी लावून घेणार नव्हतं, ते लोक तसे नव्हतेच. पण पाहुण्याला विचारतात तसं, "काय घेणार, चहा की सरबत?" असं शोभाबाईंनी विचारलं, तर आपण काय करायचं?

दसरा उजाडला. राम म्हणाला, "मी येऊ बरोबर?" ती नको म्हणाली. आपट्याची पानं पिशवीत घेऊन ती स्कूटीवर निघाली. निसळांच्या फाटकापाशी गाडी लावली, आणि मग गाडीचा आरसा उगाच नीट करत बसली. आतून शोभाबाईंनी पाहिलंच होतं. त्या दारात आल्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. "ये," म्हणाल्या आणि वळून आत गेल्या.

सर नेहमीच्या खुर्चीवर होते. ईरा दसऱ्याला घरी आली होती, पण तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ज्ञानेश्वरीने सरांच्या हातात सोनं दिलं आणि पायाला हात लावला. सरांनी आशीर्वाद दिला, पण नेहमीचं काही बोलले नाहीत. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"मी तुझ्या बरोब्बर वर बसलो होतो," सर म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"ईराच्या हाताचं मला दिसलं नाही. या वयात कुठलं दिसायला? ईरानेच सांगितलं घरी येऊन. म्हणाली, आजोबा, मॅडमचं बरोबर होतं. तेव्हा ते सोड." ते थोडे पुढे सरले. "मला तुझं विचारायचंय. ती वळून गेली, त्यानंतर तू हात वर केलास. मध्ये थांबली होतीस."

ज्ञानेश्वरीला वाटलं होतं, सर हात वर केल्याबद्दल विचारतील. त्याचं उत्तर तिने गाडीत, टँकवर, अंघोळ करताना, सगळीकडे तयार केलं होतं. याचं नव्हतं. "थांबले, सर," ती म्हणाली. "थांबायचं नसतं. चूकच झाली."

"दुसरी कुणी मुलगी असती तर?"

"तर नसते थांबले."

सरांनी हातातलं आपट्याचं पान सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "मला तुझा राग आला होता," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? खूप आला होता. परतीच्या गाडीत किती तरी वेळ तुझा तो हात माझ्या डोळ्यांपुढून जाईना. सुहास बोलत होता, माझं लक्षच नाही. मग सुरतेच्या आसपास डोक्यात आलं, की वर गेला तो हात त्या स्पर्धेचा. तो त्यांचा होता, त्यांनाच द्यायला हवा होता. पण त्याच्या आधी जेवढा वेळ तो खाली राहिला ना, तेवढा आमचा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आम्हाला तेवढा पुरे आहे."

ज्ञानेश्वरी त्या घरात जेवली होती, राहिली होती, रुसून पिशवी भरून बसली होती. रडली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. शोभाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी तिला पोटभर रडू दिलं, आणि काही न विचारता तिचं ताट वाढायला घेतलं.